पेटीतल्या बाळासाठी आईचं दूध: कधी काढायचं, कसं, किती, आणि कुठे अडतं

कस्तुरी_नि (धागाकर्ती)

"बाळ पेटीत आहे आणि आईला दूधच येत नाही" हा प्रश्न बाळंतपणाच्या धाग्यांवर सतत येतो आणि उत्तरं आळिवाच्या खिरीपाशी जाऊन थांबतात. म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) किंवा सरकारी रुग्णालयातल्या एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) ठेवलेल्या बाळांबद्दल बोलू. धडधाकट बाळाला पाजण्याचे नियम इथे लावू नका. तिथे दूध ओढायला बाळ असतं. इथे ते काम हाताने किंवा पंपाने करायचं असतं, आणि तेही भुकेल्या बाळाच्या वेळापत्रकाने.

घड्याळ वार पडल्यापासून सुरू होतं. वार पडली की प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक उतरतं आणि दूध तयार करणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढच्या दोन आठवड्यांत छाती जितक्या वेळा रिकामी होईल तितकं पुढच्या महिन्यांचं दूध ठरतं. म्हणून पहिल्यांदा दूध तासाभरात काढता आलं तर उत्तम, पण सहा तासांच्या पुढे ढकलू नये. सिझर असलं तरी. त्यानंतर चोवीस तासांत ८ ते १० वेळा. रात्री एकदा तरी उठायचंच, आणि दोन वेळांमध्ये पाच तासांहून मोठी झोप पहिल्या दोन आठवड्यांत घ्यायची नाही. हे ऐकून घरचे म्हणतात, "तिला जरा झोपू द्या." झोपू द्या, पण दुपारी.

पहिल्या दिवशी एका वेळी काही थेंब निघतात, फार तर १-२ मिली. तेवढंच निघायला हवं असतं. पान्हा खऱ्या अर्थाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरतो. सिझर, मधुमेह, जास्त वजन, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव यांनी तो एखाद-दुसरा दिवस लांबतो. वारेचा तुकडा आत राहिला तर तो भरतच नाही. पाचव्या दिवशीही छाती अजिबात जड वाटत नसेल आणि अंगावरून जास्त जात असेल, तर मेथीचे लाडू बाजूला ठेवून स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी तेवढं सांगा.

वॉर्डात "दूध नाही" असं लिहिलेल्या बहुतेक केसपेपरचा खरा अर्थ "दूध काढलं नाही" असा असतो. पहिले दोन दिवस कुणी वाटीच दिलेली नसते.

झुळूक

पहिल्या दिवसापासून पंप लावावा की हाताने? दुकानदार म्हणतो इलेक्ट्रिक घ्या, सिस्टर म्हणतात हाताने काढा.

गवतीचहा

सिस्टर बरोबर. पहिले दोन-तीन दिवस चीक असतो, मधासारखा घट्ट. तो पंपाच्या शंकूला आणि नळीच्या तोंडाला चिकटून बसतो. जे तीन थेंब निघाले ते प्लास्टिकवरच राहतात आणि आईला वाटतं काहीच निघालं नाही. हाताने काढून थेट १ मिलीच्या सुई नसलेल्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचा. एक जण दाबते, दुसरी सिरिंजच्या तोंडाने थेंब टिपते. मोठ्या वाटीत काढला तर निम्मा वाटीच्या भिंतीलाच लागतो.

पद्धत अशी. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, नखं कापलेली, बांगड्या वर सरकवलेल्या. छाती दरवेळी साबणाने धुवायची नाही, कातडी कोरडी पडून चिरते. कोमट ओला टॉवेल दोन-तीन मिनिटं, मग हलक्या हाताने बाहेरून निपलकडे चोळायचं. अंगठा वर, पहिली दोन बोटं खाली, निपलपासून साधारण ३ सेंटीमीटर मागे, इंग्रजी सी अक्षरासारखी पकड. आता तीन हालचाली: आधी मागे छातीच्या पिंजऱ्याकडे दाबा, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणा, मग सोडा. दाबा, जुळवा, सोडा. बोटं कातडीवरून घसरता कामा नयेत. घसरली की दुखतं, वळ उठतात आणि दूध येत नाही. निपल स्वतः पिळायचं नाही, तिथे दूध साठत नाही. एका जागी थेंब थांबले की बोटं घड्याळाच्या काट्यासारखी थोडी फिरवा. एक बाजू ३ ते ५ मिनिटं, मग दुसरी, मग परत पहिली. एकूण वीस-तीस मिनिटं.

पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही. तिथेच बऱ्याच जणी सोडून देतात.

नगरकर

आमच्या भागात नेहमीची अडचण वेगळीच. आईचं सिझर तालुक्याच्या दवाखान्यात होतं आणि बाळाला १०८ने पुण्याला हलवतात. आई चार दिवस इकडे, बाळ तिकडे. अशा वेळी काय करायचं?

सिस्टर_माई

नगरकर, अशा आईचा पहिला चीक ॲम्ब्युलन्स निघायच्या आत काढता आला तर सोबतच द्यायचा. १ मिलीच्या सिरिंजला टोपण, वर चिकटपट्टी, त्यावर आईचं पूर्ण नाव, बाळाचं लिंग, तारीख, वेळ. नोंदणी क्रमांक तिकडे पोचल्यावर लिहितात. नाव अर्धवट असेल तर कुठलंही धड युनिट ते दूध वापरणार नाही, आणि ते बरोबरच आहे. एका आईचं दूध चुकून दुसऱ्याच्या बाळाला जाणं ही रक्त चुकण्याइतकीच गंभीर गोष्ट मानतात.

पुढचे दिवस आई इकडेच असेल तर दर तीन तासांनी काढून दवाखान्याच्या फ्रीजमध्ये ठेवायचं आणि जो कुणी पुण्याला जाणार असेल त्याच्याकडे बर्फपेटीत द्यायचं. जेलचे आइसपॅक वापरा, साधा बर्फ नको. साधा बर्फ वितळून ते पाणी झाकणाच्या फटीतून आत जातं. बाटल्या उभ्या, मध्ये फडकं घट्ट कोंबायचं म्हणजे हलत नाहीत. गोठवलेलं दूध वाटेत अर्धवट वितळलं तर पुन्हा गोठवायचं नाही, पोचल्यावर फ्रीजमध्ये ठेवून चोवीस तासांत वापरायचं.

ताज्या दुधाला बाहेर चार तास चालतात, पण हा नियम २५ अंशांच्या आसपासच्या खोलीचा आहे. मे महिन्यात नगरच्या एसटीत ४१ अंशांत नाही.

आईला डिस्चार्ज मिळाला की सव्वा महिना पाळण्यासाठी माहेरी न जाता बाळाजवळ जाऊ द्या. दूध टिकवायला याहून मोठं औषध नाही. आता काही सरकारी रुग्णालयांत एमएनसीयू केलेत, म्हणजे बाळाच्या पेटीशेजारीच आईची खाट. जिथे ते आहे तिथे आईला बाहेरच्या पॅसेजमधल्या बाकावर बसवू नका, तिथे तिचा हक्काचा पलंग आहे.

उंबरठा

इतक्या थेंबांचं पेटीतलं बाळ करतं काय? सलाईनवर तर असतं ना ते.

डॉ_पाणंद

दोन कामं होतात. पहिलं, चीक तोंडात लावणं. प्रत्येक गालाच्या आत ०.१ मिली, म्हणजे दोन्ही मिळून ०.२ मिली, दर दोन ते चार तासांनी. बाळ व्हेंटिलेटरवर असलं तरी करतात. हे गिळण्यासाठी नसतं, तोंडाच्या अस्तरातून प्रतिकारशक्तीचे घटक पोचावेत म्हणून असतं. दुसरं, नळीतून पोटात अगदी थोडं दूध सोडून आतडं जागं ठेवणं. किलोमागे दिवसाला १० ते २० मिली. समजा बाळ १.२ किलोचं आहे आणि १५ मिलीने सुरुवात केली, तर दिवसाला १८ मिली, दर दोन तासांनी दीड मिली. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी आईने काढलेला तीन-चार चमचे चीक बाळाला अख्खा दिवस पुरतो. हा हिशोब आईला कागदावर मांडून दाखवला की तिचा चेहराच बदलतो.

मग रोज किलोमागे २० ते ३० मिली वाढवत १५०च्या वर नेतात. त्याच १.२ किलोच्या बाळाला १५० मिलीने दिवसाला १८० मिली, म्हणजे दर दोन तासांनी १५ मिली.

एवढा आटापिटा कशासाठी? कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याचा एक भयंकर आजार आहे, एनईसी. आतड्याला सूज येते, कधी ते सडतं, भोक पडतं. पावडरच्या दुधावर त्याचा धोका आईच्या किंवा दात्या आईच्या दुधाच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट असतो. जंतुसंसर्गही जास्त. शिवाय कमी दिवसांच्या बाळंतिणीच्या दुधात सुरुवातीच्या आठवड्यांत प्रथिनं जास्त असतात, म्हणजे दूध त्या बाळाच्या मापाचंच येतं.

झुळूक

मग १८० मिलीच लागणार असेल तर आईने ५०० मिली कशाला काढायचं? आमच्याकडे एक काउन्सेलर तेवढं टार्गेट देऊन गेल्या आणि बाई घाबरून गेली.

कस्तुरी_नि

कारण ते बाळ दोन महिन्यांनी अडीच किलोचं होऊन घरी येतं आणि तेव्हा त्याला रोज चारशेच्या वर लागतं. तोपर्यंत पुरवठा १८०वर बसलेला असेल तर तो वर नेणं फार जड जातं. म्हणून चौदाव्या दिवसापर्यंत रोज किमान ५०० मिली, जमलं तर ७५०. आता जास्तीचं आहे ते गोठवून ठेवा.

आकडा मात्र एका वेळचा बघायचा नाही, चोवीस तासांचा बघायचा. वही ठेवा. चौथ्या दिवसाचं एक चांगलं पान असं दिसतं:

रात्री १२: २० मिली
पहाटे ३: २५
सकाळी ६: ४०
९: ३०
दुपारी १२: २५
३: २५
संध्याकाळी ६: २०
रात्री ९: २०
एकूण २०५

पहाटे-सकाळी जास्त, संध्याकाळी कमी, हे सगळ्यांचंच असतं. दूध बनवायला लावणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री चढतं म्हणून. जी बाई फक्त संध्याकाळचे २० बघते ती रडते, जी बेरीज करते तिला कळतं की कालपेक्षा साठ वाढलेत. वही लिहायचं काम नवऱ्याकडे द्यावं. पंप धुण्याचंही.

खापरपणजी

वही-बिही ठीक, पण बाळंतिणीच्या ताटात काय? आळीव, डिंक, शतावरी, खसखशीची खीर, बाजरीची भाकरी, शेपू. पिढ्यानपिढ्या चाललंय ते उगाच नाही.

कस्तुरी_नि

पणजी, चालू ठेवा की. आळीवात लोह आहे, डिंकाच्या लाडवात उष्मांक आहेत, आणि पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० उष्मांक जास्त लागतात असं आयसीएमआर सांगतं. गरम खीर देऊन कुणीतरी शेजारी बसलं की पान्हाही लवकर सुटतो. पण आठ वेळा दूध न काढता आठ लाडू खाल्ले तर वजन वाढेल, दूध नाही. मेथीदाणा भरपूर घेणार असाल आणि मधुमेहाच्या किंवा थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. आणि "पाणी कमी प्या, बाळाला सर्दी होईल" हे मात्र बंद करा. तहान लागेल तेवढं प्यायचं, त्याहून ओढूनताणून जास्तही नको.

उंबरठा

आणि दूध वाढवायची गोळी, डॉम्पेरिडॉन? बऱ्याच जणी सरळ मेडिकलमधून आणतात.

डॉ_पाणंद

मेडिकलमधून नको. त्याने प्रोलॅक्टिन वाढतं हे खरं, दूध थोडं वाढतंही. पण हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. हृदयविकार असेल किंवा सोबत फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन अशी औषधं चालू असतील तर धोका वाढतो. आणि निपलला बुरशी झाली म्हणून फ्लुकोनॅझोल लिहिलेलं असण्याची शक्यता बाळंतिणीत बरीच असते! आधी वही बघा. दिवसातून पाचच वेळा काढत असेल तर गोळीने काही होणार नाही. आठ-नऊ वेळा, नीट पंपाने, आठ-दहा दिवस काढूनही आकडा हलत नसेल तर मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

औषधांचा विषय निघालाच तर उलटी चूकही सांगतो. बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालॅप्रिल, झटक्यांसाठी दिलेलं मॅग्नेशियम सल्फेट, नेहमीची बहुतेक अँटिबायोटिक्स, पॅरासिटामॉल यांच्यासाठी दूध फेकायची गरज नाही. "आईचं औषध चालू आहे, दूध टाकून द्या" असं सांगून दोन-तीन दिवसांचा चीक बेसिनमध्ये गेलेला असतो. कॅन्सरची औषधं किंवा किरणोत्सारी आयोडीन असेल तर गोष्ट वेगळी.

गवतीचहा

पंपाबद्दल अर्धवट राहिलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध पातळ आणि जास्त व्हायला लागलं की पंपावर यावं. एनआयसीयूतल्या आईला दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा, रुग्णालयात अनेक जणींना वापरता येतो तसा मोठा पंप मिळाला तर घ्या. काही रुग्णालयांत तो वॉर्डात असतो, काही ठिकाणी भाड्याने मिळतो. यंत्र सगळ्यांचं एक, पण शंकू, झडप, नळी, बाटली प्रत्येकीची स्वतःची. एकाच वेळी दोन्हीकडे लावला तर पंधरा-वीस मिनिटांत होतं, आणि दूधही थोडं जास्त येतं.

शंकूचं माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. डब्यात येतो तो बहुधा २४ मिमीचा. निपलचा व्यास मोजा, काळा भाग धरू नका. त्याच्याइतकं किंवा फार तर ३-४ मिमी जास्त असं माप लागतं. लहान पडला तर निपल नळीच्या कडांना घासतं, टोकाला पांढरं पडतं, चिरा जातात. मोठा पडला तर काळा भाग आत ओढला जातो, बुडाशी सूज येऊन दूध मागेच अडतं. दोन्ही बाजूंची मापं वेगळी असू शकतात.

ओढ दुखेपर्यंत वाढवायची नाही. वाढवत न्यायची, जरा टोचली की एक पायरी खाली आणायची, ती तुमची पातळी. सुरुवातीला जलद-हलकी लय, धार सुटली की संथ-खोल. पंप चालू असताना मोकळ्या हाताने छातीचे टणक भाग हलके दाबत राहायचे. शेवटची धार थांबल्यावर आणखी दोन मिनिटं. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं आणि वजन तेच वाढवतं.

नगरकर

ज्यांना पंप परवडत नाही?

गवतीचहा

हाताने पूर्ण काम होतं. वेळ जास्त लागतो, मनगट दुखतं, पण होतं. फुग्याचा हातपंप मात्र घेऊ नका, तो रबरी चेंडू असलेला भोंग्यासारखा. दूध फुग्यात शिरतं, फुगा आतून धुता येत नाही आणि त्यात जंतू वाढतात. पेटीतल्या बाळासाठी तो अजिबात नको.

सिस्टर_माई

धुण्याबद्दल लिहिते, कारण युनिटमध्ये दूध परत पाठवायची वेळ सगळ्यात जास्त याच्यामुळे येते.

प्रत्येक वेळेनंतर सगळे भाग सुटे करायचे. आधी गार पाण्याने धुवायचे. गरम पाणी आधी टाकलं तर प्रथिनं शिजून चिकटतात आणि पांढरा थर बसतो. मग साबणाचं गरम पाणी, त्यासाठी वेगळा टब आणि वेगळा ब्रश, स्वयंपाकघरातली घासणी नको. मग वाहत्या पाण्याने. दिवसातून एकदा पाणी उकळी फुटल्यावर दहा मिनिटं उकळायचे. स्वच्छ फडक्यावर जाळीखाली वाळू द्यायचे, पदराने पुसायचे नाहीत. नळी धुवायची नसते. नळीत वाफेचे थेंब दिसले तर शंकू काढून पंप पाच मिनिटं नुसता चालवा, कोरडी होते. काळे ठिपके दिसले तर फेकून द्या.

साठवण पेटीतल्या बाळाच्या नियमाने, घरच्या नाही. बहुतेक युनिट फ्रीजमधलं दूध २४ तासच वापरतात, काही ४८ म्हणतात. तुमच्या युनिटचं विचारा आणि तेच पाळा. फ्रीजच्या दारात बाटली नको, आतल्या बाजूला मागे. डीप फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर तीन महिने. एका बाटलीत एका वेळचंच दूध. गोठलेल्यावर ताजं कोमट ओतायचं नाही. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना फुगते. सुरुवातीला १० मिली, मग ३०, मग ५० अशा छोट्या भागांत साठवा. १५ मिली लागणाऱ्या बाळासाठी १५० मिलीची बाटली वितळवली की उरलेलं वाया जातं, आणि ते बघताना आईच्या पोटात कालवतं.

वितळवायला रात्रभर फ्रीजमध्ये, किंवा कोमट पाण्याच्या भांड्यात, पाणी झाकणाच्या खाली राहील असं. मायक्रोवेव्ह नाही, गॅसवर नाही. साय वेगळी झालेली दिसते, ते नासलेलं नसतं. हलकेच गोल फिरवा, एक होतं.

उंबरठा

एक विचारू का, दूध गुलाबी-तपकिरी येतंय असं एकीने विचारलंय. फेकायचं का?

सिस्टर_माई

पहिल्या बाळंतपणात पहिल्या काही दिवसांत गंजलेल्या नळासारखा रंग येतो. छातीत रक्तपुरवठा एकदम वाढतो त्याने. दुखत नाही, आठवडाभरात जातं. युनिटला दाखवा, स्वतःच फेकू नका. निपलला चीर असेल तर रक्त तिथलं असतं, मग शंकूचं माप तपासा. आठवड्यानंतरही येत राहिलं तर डॉक्टर.

छाती दगडासारखी झाली असेल तर पंप लावण्याआधी निपलभोवती बोटांची टोकं ठेवून मिनिटभर मागे दाबून धरा, कडक भाग मऊ होतो आणि शंकू नीट बसतो. काढून झाल्यावर थंड फडकं. जोरात मालिश नको, कंगव्याने ओढणं तर मुळीच नको. गाठ आली म्हणून तासातासाला रिकामी करत बसल्यास सूज वाढते. नेहमीच्या वेळांना काढा, थंड शेक, डॉक्टरांनी सांगितलेली सुजेची गोळी. ताप आणि लाली दिवसभरात उतरली नाही तर दाखवा. तोवर दूध बंद करू नका.

नगरकर

आईचं खरंच कमी पडलं तर? आमच्या एका ग्रुपवर बायका एकमेकींना दूध देतात.

डॉ_पाणंद

भावना चांगली, पण पेटीतल्या बाळासाठी असं दूध नको. क्रम असा: आईचं ताजं, मग आईचं फ्रीजमधलं, मग आईचं गोठवलेलं, मग दुग्धपेढीतलं दात्या आईचं, आणि सगळ्यात शेवटी पावडर. दुग्धपेढीत दात्या आईची एचआयव्ही, कावीळ बी, गुप्तरोगाची तपासणी होते, दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून झटकन गार करतात, जंतूंची तपासणी करतात आणि मगच उणे २० अंशांवर ठेवतात. व्हॉट्सॲपवरच्या बाटलीचं यातलं काहीच झालेलं नसतं.

मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केलेली दुग्धपेढी आशियातली पहिली. २०१७ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात मोठ्या रुग्णालयांत सीएलएमसी म्हणजे दात्या आयांच्या दुधासकट पूर्ण केंद्र, आणि लहान ठिकाणी एलएमयू म्हणजे आईचंच दूध काढून साठवून तिच्याच बाळाला देण्याची सोय, अशी रचना आहे. आपल्या रुग्णालयात यातलं काय आहे ते विचारा. आणि दूध विकत मिळतं असं कुणी सांगितलं तर दूर राहा, मे २०२४ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने) मानवी दुधाच्या विक्रीला परवानगी नाही असं स्पष्ट बजावलंय.

तापवण्यात जंतू मरतात, तशा जिवंत पेशी आणि चरबी पचवणारं लायपेजही जातं. म्हणून पेढीचं दूध हा पूल आहे. पेढीचं मिळतंय म्हणून आईला पंपावरून उठवलं की दूध आटतं, आणि मग पेढीही फार दिवस पुरवू शकत नाही.

झुळूक

पुडी घालतात ती काय? "आईच्या दुधात कस नाही म्हणून पावडर घालतो" असं सांगितलं गेलंय.

डॉ_पाणंद

सांगण्याची पद्धत चुकली. ती फॉर्टिफायरची पुडी, पावडरचं दूध नाही. दीड किलोखालच्या बाळाला पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत मिळालं असतं तेवढं कॅल्शियम, फॉस्फरस आणि प्रथिनं कुठल्याच आईच्या दुधात नसतात. ते भरून काढायला ती असते. साधारण दूध किलोमागे १०० मिलीपर्यंत पोचलं की सुरू करतात. एका पुडीला किती मिली दूध हे कंपनीनुसार बदलतं, पाकीट वाचून. अंदाजाने अर्धी पुडी दहा मिलीत टाकली की दूध घट्ट होऊन पोट फुगतं. दर वेळी ताजं मिसळायचं.

नळीने देताना अजून एक. सिरिंज पंपाने तासभर सोडलं तर स्निग्धांश नळीला चिकटून राहतो आणि बाळाला पोचत नाही. दट्ट्या काढून सिरिंज वर धरून आपोआप उतरू देणं बरं. पंपानेच द्यायचं असेल तर सिरिंजचं तोंड वरच्या बाजूला कलतं ठेवा, म्हणजे तरंगणारी साय आधी जाते. आईने पहाटे उठून काढलेली साय नळीत वाया जावी हे काही बरोबर नाही.

गवतीचहा

कांगारूबद्दल कुणीच लिहिलं नाही! बाळ लंगोट, टोपी आणि मोज्यांवर, आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला, पाय बेडकासारखे. वरून कापडाने घट्ट बांधायचं. एका वेळी किमान तासभर, नाहीतर उचल-ठेवीतच बाळ दमतं. भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न बघता लगेच कांगारूत घेतलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं, २०२२ मध्ये डब्ल्यूएचओने दिवसाला ८ ते २४ तासांची शिफारस केली. दुधाच्या बाजूने बघाल तर कांगारूनंतर लगेच काढलेलं दूध बहुधा जास्त निघतं. पेटीशेजारी खुर्ची आणि पडदा असेल तर तिथेच काढा. नसेल तर काढताना वास घ्यायला बाळाचं फडकं सोबत न्या.

उंबरठा

नळी काढल्यावर बाटली देतात का?

सिस्टर_माई

बाटली नको. पोटातल्या दिवसांसकट मोजून साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या बाळाला बोंडलं, म्हणजे चोचीचं छोटं भांडं. आपल्याकडे आज्यांना ते धरता येतं, सुनांना शिकवावं लागतं. बाळ जागं, मांडीवर अर्धवट उभं, डोकं हाताचा आधार देऊन. बोंडल्याचं टोक खालच्या ओठाच्या कोपऱ्यावर टेकवायचं, थेंब थेंब सोडायचा, गिळलं की पुढचा. ओतायचं नाही. श्वास थांबला, ओठ निळसर झाले की लगेच थांबा. अर्ध्या तासात संपलं नाही तर उरलेलं नळीने, बाळाला दमवून वजन वाढत नाही. बोंडलं प्रत्येक वेळी धुऊन, दिवसातून एकदा उकळून.

अंगावर घ्यायची सवय त्याआधीच लावता येते. आधी दूध काढून छाती रिकामी करायची आणि मग बाळाला नुसतं चोखू द्यायचं, म्हणजे धार येऊन ठसका लागत नाही. चोखणं, गिळणं, श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो. किती प्यायलं ते कळायला पाजण्याआधी आणि नंतर त्याच कपड्यांत, तोच लंगोट न बदलता वजन करा. एक ग्रॅम वाढ म्हणजे साधारण एक मिली. मध्ये शी-शू झाली तरी लंगोट तसाच, वजन तेच राहतं. घरी गेल्यावर पहिले काही आठवडे अंगावर पाजल्यानंतरही पंप चालू ठेवा, बाळाची ओढ अजून कच्ची असते.

झुळूक

शेवटचं. अठराव्या दिवशी पंपावर ८० मिली येत होतं, परवापासून एकदम ३०. वेळा त्याच, जेवण तेच, आजारपण नाही. दूध आटलं का?

गवतीचहा

एका दिवसात असं आटत नाही. पंप बघा. शंकूखालची पातळ रबरी झडप काढून उजेडाकडे धरा आणि चिमटीत हलकी दाबा. मधली फट आपोआप घट्ट मिटायला हवी. ती उघडी राहत असेल किंवा टोकाला केसाएवढी चीर असेल तर ओढ निम्मी होते, आवाज मात्र तोच येतो. ब्रशने धुताना ती फाटते, म्हणून झडप बोटांनीच धुवायची. तोवर हाताने काढा आणि बघा किती निघतं.

झुळूक

हाताने ७० निघालं. झडपेला चीर आहे.

गवतीचहा

दोन झडपा जास्तीच्या मागवा. एक पंपाच्या पिशवीतच राहू द्या.